विजेवरची गिटार

बेळगावच्या कॅम्पात, ज्या वाद्यांच्या दुकानात मी कामाला होतो तिथं, एका दुपारी टांग्यातून एक पेटी आली. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. छावणीतले गोरे अधिकारी एकेक करून मायदेशी निघाले होते, आणि जाताना कुणी पियानो, कुणी ग्रामोफोन, कुणी नुसत्या तबकड्या आमच्या मास्तरांच्या स्वाधीन करून जात होते. ही पेटी त्यातलीच. मास्तरांनी तिला टांगेवाल्याला हात लावू दिला नाही. स्वतः छातीशी धरून आत आणली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. तुझ्या गिटारीला आवाज आणलाय."

पेटी दिसायला साधी होती. तपकिरी रंगाच्या जाड कापडानं मढवलेली, पुढच्या अंगाला जाळीदार कापड, वर फिरवायची तीन काळी बटणं. मागची बाजू उघडी होती. आत डोकावलं तर पत्र्याच्या बैठकीवर काचेचे चार-पाच व्हॉल्व्ह ओळीनं उभे होते, कंदिलाच्या काचेसारखे, पण तोंडं बंद. आणि त्या पत्र्याखालून एक काळी वायर निघून टेबलावरून खाली लोंबत होती. तिच्या टोकाला दोन पितळी पिना.

मास्तर पेटीचे गुण सांगत होते आणि मी त्या दोन पिनांकडे बघत होतो.

"आज नको मास्तर," मी म्हणालो. "ही हार्मोनियम आजच तयार करून द्यायची आहे."

खरं तर त्या हार्मोनियमला कसलीच घाई नव्हती.

मी शहापूरच्या विणकराचा मुलगा. घरात दोन माग होते आणि मलाही विणता येत होतं, पण माझा जीव सुरांत होता. तुटलेला धागा सांधून सांधून माझी बोटं इतकी नाजूक कामाला सरावली होती की मास्तरांनी मला हार्मोनियमचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, घासून जुळवायच्या कामावर ठेवलं. मास्तर मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. तरुणपणी बँडमध्ये वाजवत असत. आता त्यांच्या बोटांचे सांधे सुजून गाठीगाठी झाल्या होत्या. घट्ट बूट आणि मोजे घातल्याशिवाय ते कधी दिसले नाहीत. मी मात्र वाद्यांच्या खोलीत शिरताना वहाणा उंबऱ्याबाहेर काढायचो. कुणी सांगितलं नव्हतं, पण घरी मागापुढंही आम्ही वहाणा घालून जात नसू, ती सवय.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार मला त्यांनीच शिकवली. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून फिरवायची, की सूर घसरत, ओघळत जातो. मला ती चार वर्षांत चांगली यायला लागली होती. पण तिचा आवाज बारीक. बँडमध्ये बसलो की क्लॅरिओनेट आणि ढोलापुढं ती कुणाला ऐकूही जायची नाही. मास्तरांना त्याची खंत होती. म्हणून त्यांनी ती पेटी मिळवली. गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकाची पट्टी बसवायची, तिची वायर पेटीत, पेटीची वायर भिंतीतल्या विजेत. म्हणजे तारा पोलादाच्या, कांडी पोलादाची, आणि दोन्ही हात त्यांवर.

आता विजेचं सांगायला हवं.

माझी आक्का वडगावला दिली होती. दाजी हातमागावर विणायचे. वडगावात एकानं विजेवर चालणारे चार माग बसवले, तेव्हा दाजी तिथं कामाला लागले. घरात सगळ्यांना कौतुक होतं. पावसाळ्यात एक दिवस आक्का त्यांची भाकरी घेऊन गेली. छप्पर गळत होतं, खाली जमीन ओली होती. दाजी मागाच्या मोटारीच्या लोखंडी झाकणाला धरून उभे होते आणि थरथरत होते. ओरडत नव्हते. आक्कानं पुढं एकदाच सांगितलं, की पहिल्यांदा तिला वाटलं ते हसतायत. ती भाकरीचं फडकं टाकून त्यांच्याकडे धावली. तेवढ्यात तिथला कानडी मिस्त्री जिवाच्या आकांतानं ओरडला, "मुट्टबेडा! मुट्टबेडा!" शिवू नको, शिवू नको. आणि त्यानं हातातल्या लाकडी फळीनं तिला बाजूला ढकललं. ती भिंतीवर जाऊन आदळली. वीज बंद होईपर्यंत दाजी गेले होते.

आक्का सव्वीस वर्षांची. ती आमच्याकडे परत आली. घरात विजेचं नाव कुणी काढत नसे. आमच्या गल्लीत खांब उभे राहिले तेव्हा आक्का दुसऱ्या बाजूनं चालू लागली. मी कॅम्पात कामाला लागलो त्या दिवशी तिनं मला परड्यात नेलं आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"तिथं वीज असंल," ती म्हणाली. "माझी शपथ हाय तुला. हात लावायचा न्हाय."

"हात लावणार न्हाय, आक्का."

ती शपथ मी चार वर्षं पाळली. दुकानातला दिवासुद्धा मास्तरच लावायचे.

पेटी आल्यापासून मी रोज नवं निमित्त काढत होतो. मास्तरांनी आठ दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तू भितोस?"

"व्हय," मी म्हणालो, आणि दाजींचं सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी छातीवर क्रूस काढला. पुन्हा आग्रह केला नाही. मात्र त्या दिवशी ते स्वतः गिटार मांडीवर घेऊन बसले. भिंतीतलं बटण दाबलं. आधी काही झालं नाही. मग व्हॉल्व्हच्या आत निखाऱ्यासारखं काहीतरी हळूहळू लाल होत गेलं. तापलेल्या धुळीचा वास आला. पेटीतून मधमाश्यांच्या मोहोळासारखी गुणगुण सुरू झाली आणि मी दोन पावलं मागं सरकलो. मास्तरांनी गाठाळलेल्या बोटांत कांडी धरली आणि एकच तार छेडली.

तो सूर विझेचना. आमच्या गिटारीचा सूर दोन श्वासांत मरायचा. हा उभा राहिला, भरत गेला, खिडकीची काच त्यानं बारीक थरथरली. मास्तरांच्या बोटांना पुढचा सूर नीट पकडता आला नाही. कांडी घसरली, भलताच आवाज निघाला. ते ओशाळं हसले आणि त्यांनी गिटार खाली ठेवली.

मला रात्रभर तो एक सूर ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मास्तर, मी बघतो वाजवून."

शपथ मोडायची तर होती, आणि मी मनाला समजावत होतो की बटण मास्तर दाबणार, वायर मास्तर लावणार, मी फक्त गिटारीला हात लावणार. गिटार म्हणजे काही वीज नव्हे. जाजमावर मांडी घालून बसलो. छाती इतकी धडधडत होती की गिटार मांडीवर हलत होती. पहिल्यांदा उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तेही नखानं, तारेला स्पर्श केला. काही झालं नाही. मग कांडी टेकवली. पेटीची गुणगुण जरा बदलली आणि मी हात झटकून घेतला. मास्तर हसले नाहीत. चांगला पाऊण तास गेला तेव्हा कुठं मी एक सरळ चाल वाजवली.

त्यानंतर रोज दुपारी वाजवत गेलो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. वाजवताना माझं अर्धं लक्ष चालीत आणि अर्धं त्या लाल होणाऱ्या काचांत असायचं. त्यातली एक जरा जास्त लाल वाटली तरी मी थांबायचो. आणि संध्याकाळी घरी आलो की आक्का हातात तांब्या द्यायची, तिच्याकडे बघवायचं नाही.

"आज काय केलंस रं?" ती विचारायची.

"एका पेटीचं सूर लावलं," मी सांगायचो. ती पेटी म्हणजे हार्मोनियमच समजायची.

अशात निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून निरोप आला. जैन कुटुंब, मोठं घर. मुलाच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांसाठी बँड हवा होता. मास्तरांनी होकार पाठवला आणि त्यात सांगून टाकलं की विजेवरची गिटारही येईल. त्या घरानं आपल्या वखारीसाठी इंजिन बसवून स्वतःची वीज घेतली होती. माझ्या हातात तीन आठवडे होते.

पहिल्या आठवड्याच्या शनिवारी सकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा झाडलोट नुकतीच झाली होती. जाजम बाहेर उन्हात घातलं होतं. फरशी पुसलेली, पाण्यानं चकाकत होती. मास्तर बुटांचा आवाज करत इकडून तिकडं फिरत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी पेटी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं हलवली होती.

"बस, बस. एकदा सगळं सलग वाजव," ते म्हणाले.

मी वहाणा बाहेर काढून आत आलो. जाजम नव्हतं म्हणून खुर्चीवर बसलो. पाय खाली टेकले. गार फरशी बरी वाटली. गिटार मांडीवर घेतली. मास्तरांनी बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, गुणगुण सुरू झाली. मी डाव्या हातात कांडी घेतली आणि ती तारांवर ठेवली.

कुणीतरी माझा दंड आतून पिरगाळला असं वाटलं. मी कांडी सोडायला गेलो, पण हात सुटेना. बोटं कांडीवर आपोआप आवळत गेली. कांडी तारांवर आणखी दाबली गेली आणि पेटीतून एक भसाडा, खरखरीत आवाज निघाला, न थांबणारा. मला ओरडायचं होतं. दातखीळ बसली होती. समोर मास्तर माझ्याकडे पाठ करून कपाटातलं काही काढत होते. त्या आवाजानं त्यांनी मान वळवली आणि कपाळाला आठी घातली, मी काय वेड्यासारखं वाजवतोय म्हणून. मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, दाजींनाही आक्काचा चेहरा असाच दिसला असेल.

मग मास्तरांना काय दिसलं कुणास ठाऊक. माझे डोळे असतील. ते भिंतीकडे झेपावले आणि त्यांनी वायर हिसडून काढली. आवाज खाली खाली जात बंद पडला. मी खुर्चीसकट आडवा झालो. गिटार फरशीवर आपटली.

बराच वेळ मी नुसता श्वास घेत होतो. मास्तर माझ्याजवळ गुडघे टेकून कोकणीत देवाचं काहीतरी पुटपुटत होते. माझ्या डाव्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर दोन काळपट डाग पडले होते, कडेनं पांढरे.

"मला तर कधी काही झालं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी कितीदा हात लावला. मला कधी काही झालं नाही."

घरी मी सांगितलं, की लाखेचं काम करताना भाजलं. आईनं कोरफडीचा गर लावला. आक्कानं लांबूनच बघितलं.

पुढचे चार दिवस मी कसे जगलो ते आठवून आजही अंगावर काटा येतो. लोखंड दिसलं की हात आखडायचा. विहिरीवर बादलीची कडी धरायची तर मी पंच्याचं टोक मध्ये घ्यायचो. दाराची कडी कोपरानं ढकलायचो. तांब्याचं घंगाळ, मागाची खिळी, आईच्या हातातली पळी, सगळ्यांत काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं. दुकानात गेलोच नाही. ताप आहे म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी परड्याचं दार कोपरानं ढकलत होतो, तर मागं आक्का उभी होती.

"हात दाव," ती म्हणाली.

"भाजलंय गं. सांगितलं की."

"खोटं बोलू नगंस. ते गेल्यावर मी सहा महिनं कोपरानं दार उघडत होते. तू ल्हान न्हवतास, तू बघितलंस की न्हाय ठावं न्हाय. मला कळतंय. कुठं बसला करंट?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. पेटी, मास्तर, शपथ, निपाणी. सांगताना मला वाटत होतं आता ही कपाळ बडवून घेईल, आईला हाक मारेल, माझं दुकानात जाणं बंद होईल. खरं सांगायचं तर ते झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. मला कुणीतरी जाऊ नको म्हणायला हवं होतं.

आक्का भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती रडली नाही. घरात गेली, पदर नीट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल. मला ती जागा दाव."

आक्का कधी कॅम्पात गेली नव्हती. शहापुरातून आम्ही चालत निघालो. दुकानाच्या दारात ती थांबली, आत वरच्या दिव्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिचे पाय पुढं येत नाहीयेत. मास्तर गडबडीनं उठून आले. ही माझी थोरली बहीण, मी सांगितलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"बाई, माझी चूक—"

"चूक मागनं बघू," आक्का म्हणाली. "ह्यो कुठं बसलाता?"

मी खुर्ची दाखवली.

"पाय कुठं हुतं?"

"खाली."

"वहाणा?"

"भाईर काढलत्या."

"फरशी वाळली हुती का वली?"

मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी माझ्याकडे. दोघांनाही हे कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी फरशी पुसलेली होती. त्याआधी रोज मी जाजमावर बसत होतो.

"वली हुती," मी म्हणालो.

आक्कानं डोळे मिटले. मग मास्तरांच्या पायांकडे बोट केलं. "तुमच्या पायात बूट हाईत. म्हणून तुम्हाला कायबी झालं न्हाय. ते गेले तवा बी जमीन वली हुती. मिस्त्री मला मागनं म्हणाला, वाळलेल्या जाग्यावर असते तर कदाचित... पर आधी कुणी सांगितलंच न्हाय त्यास्नी. कुणीच न्हाय सांगितलं."

मास्तर स्टुलावर बसले. म्हातारा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखे आपल्या बुटांकडे बघत राहिले.

त्याच दुपारी त्यांनी छावणीतला एक ओळखीचा वीजमिस्त्री बोलावून आणला. त्यानं दोन वायरा जोडलेला एक छोटा दिवा काढला. एक टोक बाहेरच्या पाण्याच्या नळाला लावलं, दुसरं पेटीच्या पत्र्याला. दिवा लख्ख पेटला. आक्का एकदम मागं सरली. मिस्त्रीनं पिना काढून उलट्या घातल्या. आता दिवा पेटला नाही. पेटीच अशी बनवलेली होती, की पिना एका बाजूनं घातल्या तर पत्रा आणि त्याबरोबर गिटारीच्या तारा जिवंत व्हायच्या. मास्तरांनी पेटी हलवली तेव्हा पिना फिरून बसल्या होत्या. एवढंच. मास्तरांनी लाख वितळवून बरोबर बाजूच्या पिनेजवळ एक लाल ठिपका दिला. एका लाकडी फळीवर जुन्या टायरचं रबर ठोकून माझ्या पायांखाली ठेवायला केलं.

"आता वाजव," आक्का म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, तूच शपथ घातलीस."

"शपथ घातली म्हणून तू चोरून गेलास. चोरून गेलास म्हणून वल्या फरशीवर बसलास. मी हितं असते तर बसू दिलं असतं व्हय तुला?"

ती भिंतीजवळ गेली. पिनांपाशी कोरडं फडकं गुंडाळून तिनं वायर मुठीत धरली, ओढायच्या तयारीत. मी फळीवर पाय ठेवले. कांडी उचलायला मला इतका वेळ लागला की मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी मी ती टेकवली. काही झालं नाही. मी वाजवत गेलो आणि आक्का माझ्या पायांकडे बघत उभी राहिली. मी काय वाजवलं ते तिनं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

निपाणीला ती आमच्याबरोबर आली. मास्तर नको म्हणाले नाहीत. बँडची माणसं पुढं गेली, आणि आम्ही तिघं कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून, पेटी मास्तरांच्या मांडीवर घेऊन, चढावर दोनदा उतरून ढकलत पोचलो.

मला मंडपाची भीती होतीच, पण आक्काची जास्त होती. लग्नघर, आणि ही विधवा बाई. व्हायचं तेच झालं. घरातली एक वयस्क बाई पुढं आली, आक्काच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं आणि मास्तरांना विचारलं, "ह्या कोण?"

मास्तर चाचरले. आक्काच म्हणाली, "मी करंट बघायला आलेय. मंडपात येत न्हाय. पिन जिथं घालत्यात तिथं पडद्यामागं बसते."

त्या बाईला काय कळलं देव जाणे. तिनं कानडीत कुणाला तरी काही सांगितलं आणि आक्काला पडद्यामागं एक पाट आणून दिला.

दिवेलागणीला पाहुणे जमले. मी फळीवर पाय ठेवून बसलो. दुकानातली वीज एक होती, ही इंजिनाची वेगळी, दूर वखारीत धडधडणारी. तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दिवे किंचित मंद व्हायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मास्तरांनी मिस्त्रीकडून मागून आणलेला तो दिवा लावून पुन्हा पत्रा तपासला. मग मी वाजवायला सुरुवात केली. मंडप शांत झाला. लोकांनी असला सूर कधी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं पेटीच्या मागं कुणी गाणारा दडलाय का, म्हणून वाकून बघू लागली. दुसऱ्या चालीला माझे खांदे जरा सैल पडले.

तिसरी चाल अर्ध्यावर आली आणि सूर एकाएकी तुटला. व्हॉल्व्ह विझत गेले. मंडपात कुजबुज, मग हसणं. मी वळून बघितलं. पडद्याच्या फटीतून आक्काचा हात बाहेर होता आणि हातात उपसलेली पिन.

यजमान तरातरा आले. "काय झालं? कुणी बंद केलं?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. ते पडदा सारून आत गेले, मीही मागोमाग. आक्का नुसती जमिनीकडे बोट दाखवत होती. धूळ उडू नये म्हणून मंडपाच्या कडेनं कुणीतरी घागरीनं पाणी शिंपडलं होतं. उतार आमच्याकडे होता. पाण्याचा ओघळ पडद्याखालून आत आला होता, वायर त्यात भिजली होती, आणि पुढं तो माझ्या फळीच्या खाली जाऊन पसरला होता. फळीची एक कड काळी ओली झाली होती.

मास्तरांनी वाकून ते पाणी बघितलं. मग बाहेर येऊन यजमानांना म्हणाले, "गिटार आता नाही. बँड वाजवेल."

यजमान नाराज झाले. कुणीतरी म्हणालं, एवढंसं पाणी, पोत्यानं पुसून घ्या की. मास्तरांनी ऐकलं नाही. क्लॅरिओनेट सुरू झालं आणि लोक गिटार विसरून गेले. खरंच काही झालं असतं का, मला आजही सांगता येणार नाही. पिना बरोबर बाजूनं होत्या, रबर होतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण त्या ओल्या फळीवर माझे पाय होते, हे मी विसरू शकत नाही.

परतताना मास्तर म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी कार्यक्रम ठरवण्याआधी तुम्हाला विचारेन."

"पुढच्या वेळी मी न्हाय येणार," आक्का म्हणाली. "म्हाताऱ्या बाईनं मला पाट दिला, सगळ्याच देत न्हाईत. ह्यानं सोता बघायला शिकावं."

पुढचा कार्यक्रम बेळगावातच एका सभागृहात होता. मी एकटाच अर्धा दिवस आधी गेलो. जमीन हातानं चाचपली. पिनेवरचा ठिपका बघितला, दिवा नळाला लावून पत्रा बघितला, पुन्हा बघितला. तरीही सबंध वेळ पायांना घाम सुटला होता आणि तो घामही मला पाण्यासारखा वाटून भीती वाटत होती. पण चारही चाली पुऱ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही.

ती पेटी आमच्याकडे आणखी वर्षभर होती. गोरे निघून गेले, छावणीतली नाचगाणी थांबली, मास्तरांनी दुकान आवरतं घेतलं आणि पेटी एका फिरत्या नाटक कंपनीकडे गेली. तोवर मी सहा-सात ठिकाणी वाजवलं असेल. एकदाही न भिता वाजवलं नाही.

सभागृहातल्या त्या पहिल्या कार्यक्रमाहून मी घरी आलो तेव्हा आक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. चाक न थांबवता तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"भ्यालतास?"

"लई."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तुटलेला धागा शोधू लागली.